टाकीतली साखर

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या ब्लॅक लोकांच्या त्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा जुलै महिना होता आणि तिथला एसी बंद पडला होता. दारात पांढरे हातमोजे घातलेल्या बायका उभ्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या पुठ्ठ्याचा एकेक पंखा देत होत्या. पंख्याच्या एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र, दुसऱ्या बाजूला अंत्यविधी करून देणाऱ्या दुकानाची जाहिरात. तीनएकशे माणसं, सगळ्यांच्या हातात तेच पंखे, आणि समोर जांभळे झगे घातलेला गायकवृंद. तो चालवणारा माणूस चाळिशीचा होता, सडपातळ, कपाळावर घामाचे थेंब. त्याने हात वर केला की सगळं चर्च श्वास धरून बसायचं. हात खाली आला की जे गाणं उसळायचं, त्याने माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या, येशूशी काहीही नातं नसलेल्या बाईच्याही अंगावर काटा आला.

गाणं संपल्यावर पास्टरांनी प्रवचन सुरू केलं. विषय भलताच होता, पण मध्येच गाडी बायबलमधल्या सदोम आणि गमोरा या शहरांवर गेली, पुरुषाने पुरुषाबरोबर राहण्याच्या पापावर गेली. लोक ‘आमेन’ म्हणाले. पास्टरांच्या पाठीमागे चार पावलांवर तो गायकवृंदाचा माणूस बसला होता. तोही ‘आमेन’ म्हणाला.

प्रार्थनेनंतर तळघरात जेवण होतं. तळलेलं चिकन, भाज्यांची गरगट, मक्याचा ब्रेड. मला तिथे घेऊन गेलेल्या बाईंना मी म्हटलं, तो माणूस काय गातो हो! त्या हसल्या, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, “त्याच्या टाकीत जरा साखर आहे, बेबी.”

आम्ही दोघी एकाच इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात काम करत होतो. साखर म्हटल्यावर मला मधुमेहच सुचला. मी काळजीने विचारलं, इन्सुलिन घेतो का? त्यांनी मान हलवली, मनगट किंचित सैल सोडून दाखवलं आणि बशीतलं चिकन माझ्याकडे सरकवलं. मग मला समजलं. टाकीत साखर असणं हा तिथल्या जुन्या माणसांचा शब्द. शिवी नाही आणि स्वीकारही नाही. आपलाच आहे, पण तसा आहे, आणि आता पुढे बोलू नकोस, एवढं सगळं त्यात येतं.

आमच्या विभागात सगळे त्यांना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारायचे. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने बोलवायचं नाही, ही ब्लॅक घरांतली रीत; आपल्या ताईसारखीच. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, म्हणून इथे ताईच म्हणते. मी 2005 साली सांगलीहून बाल्टिमोरला आले, तेव्हा शहराच्या बसचं वेळापत्रक वाचायला, घरमालकाशी भांडायला आणि बर्फात कोणते बूट घालायचे हे सांगायला त्याच होत्या. लहान मुलाची शीर त्यांच्याइतक्या हलक्या हाताने शोधणारं दुसरं कुणी मी अजून पाहिलेलं नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक समाजाबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं मी त्यांच्या शेजारी बसून, नळ्यांवर चिकटपट्ट्या लावता लावता शिकले.

आणि तरीही तीन वर्षांनी मी एका चुकीच्या वाक्याला मान डोलावली.

4 नोव्हेंबर 2008 ची रात्र. ओबामा निवडून आले. त्याच दिवशी कॅलिफोर्नियात आठव्या प्रस्तावावर मतदान झालं आणि 52 टक्के मतांनी तिथली समलिंगी लग्नं बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर एकच आकडा फिरत होता: मतदान केंद्रांबाहेरच्या पाहणीनुसार ब्लॅक मतदारांपैकी 70 टक्क्यांनी लग्नबंदीच्या बाजूने मत दिलं. ज्यांना स्वतःला हक्क नव्हते त्यांनीच दुसऱ्यांचे काढून घेतले, असा सूर लागला. त्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी मंडळींचं दिवाळीचं जेवण होतं. कुणीतरी म्हणालं, “हे लोक असेच. चर्चने डोकी भरलेली.” मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांपुढे तो ‘आमेन’ होता.

नंतर मी तो हिशेब नीट मांडून पाहिला. दोन अभ्यासकांनी पुढच्या जानेवारीत सगळ्या पाहण्या एकत्र करून दाखवलं की खरा आकडा 58 टक्क्यांच्या आसपास होता, आणि दर आठवड्याला चर्चला जाणं हिशेबात धरलं तर वर्णाचा फरक जवळजवळ उरतच नव्हता. कॅलिफोर्नियात ब्लॅक मतदार शंभरात सात धरा. त्या सातांमधल्या हो आणि नाही यांच्यातलं अंतर शंभरात जेमतेम एक मत भरतं, आणि प्रस्ताव जिंकला चारहून जास्त मतांच्या फरकाने. म्हणजे एकही ब्लॅक माणूस मतदानाला गेला नसता तरी निकाल तोच लागला असता. पण बोट दाखवायला ते सातच सापडले.

मला आणखी एक गोष्ट खटकते. 2019 मध्ये प्यू या संस्थेच्या पाहणीत समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे ब्लॅक लोक 51 टक्के होते, गोरे 62 टक्के. याच पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला काटेकोर धरून चालणाऱ्या, ख्रिश्चनांचा आकडा 29 होता. त्या 29 वरून कुणी ‘गोऱ्या समाजाची मानसिकता’ असा लेख लिहीत नाही. गोऱ्यांमध्ये गट असतात, मतं असतात, प्रदेश असतात. ब्लॅक लोकांचा मात्र एक ‘समाज’ असतो, आणि त्या समाजाला एकच डोकं असतं. आपल्याकडच्या कितीतरी समाजांना हा अनुभव आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

यात कुणीतरी तेलही ओततच होतं. मार्च 2012 मध्ये समलिंगी विवाहाच्या विरोधात काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेची अंतर्गत कागदपत्रं एका खटल्यातून बाहेर आली. गे लोक आणि ब्लॅक लोक यांच्यात पाचर ठोकायची, हे त्यात धोरण म्हणून सरळ लिहिलेलं होतं.

पण मी पाचरीवर सगळं ढकलणार नाही. पाचर ठोकायला आधी लाकडाला चीर असावी लागते, आणि ती चीर मी त्या चर्चमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

ती चीर समजायला मला एक मराठी शब्द उपयोगी पडला: अब्रू. गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही, ब्लॅक माणसाबद्दल गोऱ्यांनी जे खोटं सगळ्यात जास्त पसरवलं ते त्याच्या वासनेबद्दल होतं. पुरुष म्हणजे जनावर, बाई म्हणजे कुणाच्याही हाताला लागावी अशी. एका खोट्या आरोपावरून माणसं झाडाला टांगली गेली. त्या बदनामीला उत्तर म्हणून या समाजाने जे कवच घडवलं ते इस्त्रीच्या कपड्यांचं, रविवारच्या टोप्यांचं, धुतल्या तांदळासारख्या चारित्र्याचं आणि लग्नाचं होतं. लग्न तर फार मोलाचं. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. मालक नवऱ्याला एका राज्यात विकायचा, बायकोला दुसऱ्या. लग्न लावणारे काही धर्मगुरू ‘मरणापर्यंत’ म्हणायच्या ऐवजी ‘मरण किंवा अंतर दूर करेपर्यंत’ असं म्हणायचे. 1865 नंतर सुटका झालेली जोडपी, कित्येक वर्षं एकत्र राहिलेली, पोरंबाळं झालेली, कागदावर लग्न नोंदवायला रांगा लावून उभी राहिली. अशा लोकांना लग्न या शब्दाला कुणी हात लावला तर का लागतं, हे मला समजतं.

आणि हेही समजतं की त्याच रांगेच्या आठवणीतून दुसरं कुणी नेमकं उलट म्हणू शकतं: कायद्याने लग्न नाकारणं म्हणजे काय, हे आमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

चर्चचंही तसंच. ज्या काळात बँक दारात उभं करत नव्हती, शाळा घेत नव्हती, नगरपालिका ऐकत नव्हती, त्या काळात चर्च हीच शाळा, हीच पतपेढी, हीच सभा. बाहेरच्या माणसाला वाटतं, नाही पटत तर जाऊ नये त्या चर्चमध्ये. हे म्हणजे गावात राहणाऱ्याला ‘नाही पटत तर वाळीत पड’ असं सांगण्यासारखं आहे. मग जायचं कुठे? सत्तर-ऐंशीच्या दशकांत मोठ्या शहरांतल्या गोऱ्या गे लोकांच्या बारमध्ये ब्लॅक पुरुष आला की दारावरचा माणूस त्याच्याकडे दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रं मागायचा. गोऱ्याकडे एकही मागायचा नाही. एका दारात रंग आडवा, दुसऱ्या दारात प्रेम आडवं. मग माणूस घरच्याच दारात थांबतो, झगा घालतो आणि गातो.

ताईंनी मला एकदा एक वाक्य ऐकवलं, जे त्यांच्याकडच्या पास्टरांच्या तोंडी असायचं: तुमचं पाप आणि आमची कातडी एका तराजूत घालू नका. नागरी हक्कांच्या चळवळीची तुलना गे चळवळीशी केली की हे उत्तर यायचं. “कातडी मला काढून ठेवता येत नाही,” ताई म्हणाल्या. “पोलिसाने गाडी थांबवली तर मी म्हणू शकत नाही की आज मी ब्लॅक नाही.” यात तथ्य आहे. माझ्याकडे त्याला खोडून काढणारं काही नव्हतं आणि आजही नाही. फक्त त्याच नागरी हक्कांच्या चळवळीतल्या एका गे कार्यकर्त्याचं, बेयर्ड रस्टिन यांचं, नाव माझ्या हाती लागलं.

आमच्या शाळेच्या पुस्तकात किंग होते. गांधीजींच्या मार्गाने जाणारे, ‘माझं एक स्वप्न आहे’ म्हणणारे. रस्टिन नव्हते. रस्टिन पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरचे, बाल्टिमोरहून गाडीने फार दूर नाही. 1912 चा जन्म, आजीने वाढवलेले. तरुणपणी त्यांनी आजीला सांगितलं की मला मुलांच्या सहवासात राहावंसं वाटतं, तेव्हा ती एवढंच म्हणाली की मग तुला तेच करावं लागेल, असं वाटतं. ज्या काळात गोऱ्या डॉक्टरांकडेही याला रोग म्हणण्यापलीकडे शब्द नव्हता, त्या काळातली ती ब्लॅक आजी. ‘समाजाची मानसिकता’ मोजताना तिला कुठल्या रकान्यात घालणार?

1948 मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी, रस्टिन भारतात आले, गांधीजींच्या सहकाऱ्यांना भेटले. 1956 मध्ये, माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार चालू असताना, ते किंग यांच्याकडे पोचले तेव्हा किंग यांच्या घरात बंदुका होत्या. घरावर बॉम्ब पडलेला, ठेवणार नाही तर काय. अहिंसा हे नुसतं धोरण म्हणून चालणार नाही, तो जगण्याचा मार्ग व्हावा लागेल, हे रस्टिन त्यांच्याशी बोलत राहिले. मधल्या काळात, 1953 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला त्यांना दुसऱ्या पुरुषांबरोबर गाडीत सापडल्याबद्दल अटक झाली, तुरुंगात जावं लागलं आणि ज्या शांततावादी संस्थेत ते काम करत होते तीही सोडावी लागली. ती नोंद आयुष्यभर त्यांच्या मागे फिरली.

1960 मध्ये ती सगळ्यात वाईट रीतीने वापरली गेली, आणि वापरणारा बाहेरचा नव्हता. हार्लेम या न्यू यॉर्कमधल्या ब्लॅक वस्तीचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल, ब्लॅक राजकारणातलं मोठं नाव, यांना त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनाबाहेर किंग आणि रस्टिन मोर्चा काढणार होते तो नको होता. त्यांनी निरोप धाडला: थांबला नाहीत तर तुमच्या दोघांचे संबंध आहेत असं मी सांगेन. धादांत खोटं. पण किंग मागे हटले आणि रस्टिन यांनी राजीनामा दिला. याच पॉवेल यांच्या वडिलांनी 1929 मध्ये हार्लेमच्या आपल्या चर्चमधून समलिंगी लोकांविरुद्ध प्रवचनांची झोड उठवली होती. त्याच हार्लेममध्ये, त्याच काळात, हजारो लोक पुरुषांनी बायकांचे पोशाख घालून केलेले नाच बघायला नृत्यगृहात गर्दी करत होते. चर्च आणि नृत्यगृह दोन्ही हार्लेमचीच, आणि गर्दीतली काही माणसंही दोन्हीकडे तीच असावीत, असं मला वाटतं.

मग 1963. वॉशिंग्टनच्या मोर्चाचा प्रमुख रस्टिन यांना करावं असं ज्येष्ठ ब्लॅक कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांना वाटत होतं. ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेचे प्रमुख रॉय विल्किन्स म्हणाले, हा माणूस पुढे दिसला तर शत्रूंना आयतं कोलीत मिळेल. रँडॉल्फ यांनी तोड काढली: प्रमुख मी, माझा उपप्रमुख मी निवडणार. त्यांनी रस्टिन यांना निवडलं. दोन महिन्यांच्या आत त्या माणसाने बस, रेल्वे, पाणी, शौचालयं, ध्वनिक्षेपक आणि शिदोरी या सगळ्याचा बंदोबस्त केला. मोर्चाला दोन आठवडे असताना सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी भर सिनेटमध्ये पॅसाडिनाची अटक वाचून दाखवली. या वेळी नेते मागे हटले नाहीत. रँडॉल्फ यांनी रस्टिन यांच्यावर पूर्ण विश्वास असल्याचं जाहीर केलं. 28 ऑगस्टला अडीच लाख माणसं आली. किंग यांचं भाषण झाल्यावर मोर्चाच्या मागण्या वाचायला माइकपुढे उभे राहिले ते रस्टिन.

ही हकिकत मी ताईंना एका दुपारी सांगितली. त्यांना ती माहीत होती. अडीच लाखांमध्ये त्यांचे वडील होते, खांद्यावर धाकटा मुलगा घेऊन. “बेबी,” त्या म्हणाल्या, “तो मोर्चा कुणी उभा केला हे माझ्या वडिलांना तेव्हाच माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.”

सगळ्यांना माहीत होतं. माझी आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या समाजाने गे माणसांना हाकललं हे अर्धसत्य आहे. पुष्कळ घरांनी त्यांना ठेवून घेतलं, जेवू घातलं, ऑर्गनवर बसवलं, मोर्चा उभारायला दिला. मूठ मात्र झाकलेली ठेव म्हटलं. आणि मूठ झाकून ठेवायची किंमत ज्याची मूठ आहे त्यानेच मोजायची.

ती किंमत मला पहिल्यांदा नळ्यांच्या टोपणांवरून दिसली. एचआयव्हीचा विषाणू किती आहे हे मोजायला रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. आमच्या विभागात अशा नळ्यांवरची नावं, पत्ते, वयं मी रोज वाचत होते. देशाच्या लोकसंख्येत ब्लॅक लोक साधारण 13 टक्के, आणि एचआयव्हीच्या नव्या निदानांत 40 टक्क्यांच्या आसपास. 2016 मध्ये सरकारी आरोग्य संस्थेने अंदाज मांडला की हेच प्रमाण राहिलं तर दर दोन ब्लॅक गे पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधीतरी ही लागण होईल. गरिबी, विमा नसणं, डॉक्टरवर विश्वास नसणं, ही सगळी कारणं खरी. पण ज्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही तिची तपासणी कोण कशी करून घेणार? 1989 मध्ये न्यू यॉर्कच्या परनेसा सील या बाईंनी हार्लेमच्या चर्च-मशिदींना एड्ससाठी एकत्र प्रार्थना करायला लावलं, त्याची पुढे मोठी संस्था झाली. त्या इस्पितळात काम करायच्या. चर्चमध्ये जाणारी माणसं मरणपथावर पडलेली आणि त्यांच्या चर्चचं कुणी भेटायला आलेलं नाही, हे त्यांना बघवलं नाही.

एका संध्याकाळी, विभागात आम्ही दोघीच असताना, ताईंनी त्यांच्या भावाचं सांगितलं. मोर्चात वडिलांच्या खांद्यावर होता तोच. 1991 च्या वसंतात गेला. नऊ वर्षं तो एका माणसाबरोबर राहत होता. तो माणूस शहराची बस चालवायचा. शेवटच्या आठ महिन्यांत त्या बसवाल्याने त्याला उचललं, धुतलं, भरवलं. अंत्यविधीच्या छापील पुस्तिकेत ‘दीर्घ आजारानंतर’ असं लिहिलं होतं. मागे राहिलेल्यांच्या यादीत आई, बहिणी, भाचरं. त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. तो मागच्या रांगेत बसला, पेटी उचलणाऱ्यांतही त्याला घेतलं नाही.

“यादी मी लिहिली होती,” ताई म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं की त्याच वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला आईने त्याला जेवायला बोलावलं. दर वर्षी. नातवंडं त्याला अंकल म्हणतात. तो येतो, टर्की कापायचं काम त्याचं, आईच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करतो, उरलेलं अन्न डब्यात घेऊन जातो. तो कोण, हे त्या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही.

2012 हे वर्ष मी त्या शहरात होते याचं मला समाधान आहे. मेरीलँडने त्या मार्चमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा केला, विरोधकांनी सह्या गोळा करून तो जनमताला लावला, आणि सहावा प्रश्न म्हणून तो नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आला. राज्यात दर दहांतली तीन माणसं ब्लॅक. सगळ्या देशाचे डोळे पुन्हा त्यांच्याकडे. 9 मे रोजी ओबामांनी टीव्हीवर सांगितलं की अशा जोडप्यांना लग्न करता यायला हवं असं आपलं मत झालं आहे. दहा दिवसांनी एनएएसीपीच्या मंडळाने तसा ठराव केला. तिचं मुख्यालय तेव्हा आमच्या बाल्टिमोरमध्येच होतं. ज्या संघटनेच्या प्रमुखाला 1963 मध्ये रस्टिन पुढे नको होते, तीच ही संघटना.

ताईंच्या चर्चमध्ये त्या रविवारी पास्टर म्हणाले की राष्ट्राध्यक्षांशी मी सहमत नाही, पण मत त्यांनाच देईन. लोक हसले, सुटल्यासारखे. जवळच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत मात्र डेलमन कोट्स नावाचे बॅप्टिस्ट पास्टर, ज्यांच्या चर्चमध्ये हजारो माणसं येतात, उघडपणे कायद्याच्या बाजूने उभे राहिले. चर्चने कुणाची लग्नं लावायची हे चर्चचं, राज्याने कुणाला हक्क द्यायचे हे राज्याचं, असं ते सांगत होते. त्यांच्या विरोधातले पास्टर तितकेच ठाम होते. बसमध्ये, केस विंचरायच्या दुकानांत, बुधवारच्या बायबल वर्गांत तोच विषय. झाकलेली मूठ पहिल्यांदाच लोक उघड्यावर आणून पाहत होते.

ताईंच्या चर्चमधला बुधवारचा प्रसंग मी त्यांच्याकडूनच ऐकला. ‘चर्चची आई’ असा मान असलेली एक म्हातारी तिथे होती, कायम पांढऱ्या कपड्यांत, नव्वदीला टेकलेली. पास्टर बोलत असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या नवऱ्याला मूठमाती देताना कोण गायलं? माझ्या मुलाला देताना कोण गायलं? मला देताना कोण गाणार आहे ते मला माहीत आहे, आणि ते तुम्हालाही माहीत आहे. त्याच्याविरुद्ध कागदावर खूण करून मग त्याच्याकडून गाणं कसं मागू?” गायकवृंदाचा माणूस पुढच्या खोलीत स्वरलिपीचे कागद लावत होता. ताई म्हणाल्या, कागदांचा आवाज थांबला.

पुढे काय झालं, असं मी विचारलं. पुढे काही नाही. पास्टरांनी प्रार्थना सांगितली आणि वर्ग सुटला.

6 नोव्हेंबरला सहावा प्रश्न 52 टक्क्यांनी जिंकला. बाल्टिमोर शहराने हो म्हटलं. 1 जानेवारी 2013 ला मध्यरात्र उलटल्यावर बाल्टिमोरच्या सिटी हॉलमध्ये पहिली लग्नं लागली, आणि पहिलं लावलं ते महापौर स्टेफनी रॉलिंग्ज-ब्लेक यांनी. त्या ब्लॅक आहेत. ताईंनी मत कुणाला दिलं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

किंग यांच्या घरातही ही चीर होतीच. त्यांच्या पत्नी कोरेटा गे लोकांच्या हक्कांसाठी बोलत राहिल्या. तुम्ही वर्णाच्या प्रश्नापुरतं बोला, असं सांगणाऱ्यांना त्या नवऱ्याचेच शब्द ऐकवायच्या: एका ठिकाणचा अन्याय हा सगळीकडच्या न्यायाला धोका असतो. डिसेंबर 2004 मध्ये त्यांची धाकटी मुलगी बर्निस वडिलांच्या समाधीपासून निघालेल्या मोर्चात पुढे होती. त्या मोर्चाची एक मागणी समलिंगी विवाहाला बंदी ही होती. 2006 मध्ये कोरेटा गेल्या तेव्हा त्यांचा अंत्यविधी तो मोर्चा काढणाऱ्या बिशपच्याच चर्चमध्ये झाला, आणि चळवळीतले जुने सहकारी ज्युलियन बाँड त्या कारणासाठी गेले नाहीत. आई, मुलगी, मित्र. तिघांचाही हक्क त्या एकाच वारशावर.

आपल्यालाही त्या वारशातून थोडं आलेलं आहे. 1972 मध्ये मुंबईतल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. त्या ब्लॅक पँथरचे नेते ह्यूई न्यूटन यांनी ऑगस्ट 1970 मध्ये आपल्या कार्यकर्त्यांपुढे भाषण केलं होतं: गे लोकांबद्दलच्या शिव्या आपल्या तोंडातून काढून टाका, समाजात सगळ्यात जास्त दडपलेले कदाचित तेच असतील, त्यांना आपल्या बरोबर घ्या. भोवतीचे कित्येक जण गे माणसाला बायकी म्हणून हिणवत असताना भलंमोठं ओझं उचलावं तसं ते बोलणं होतं. नाव समुद्र ओलांडून लगेच आलं. ते भाषण माझ्या हाती पडायला चाळीस वर्षं लागली, आणि पडलं तेही बाल्टिमोरच्या एका ग्रंथालयात.

ताईंच्या आई 2016 च्या शरदात गेल्या, त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. पुस्तिका छापायला जायची होती. ताईंनी मला शब्द तपासायला बोलावलं, कारण विभागात स्पेलिंगच्या चुका मीच काढायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसलो. मागे राहिलेल्यांची यादी होती: मुली, जावई, नातवंडं, पतवंडं, आणि शेवटी वेगळ्या ओळीत ‘एक निष्ठावान मित्र’ म्हणून त्या बसवाल्याचं नाव. 1991 पेक्षा ही ओळ जास्त होती. ताईंनी ती वाचली, पेन घेतलं, ‘एक निष्ठावान मित्र’ खोडलं. मग बराच वेळ पेन तसंच धरून बसल्या. बहिणीचा फोन आला, त्यांनी तो घेतला नाही. छापखाना पाचला बंद होणार होता. शेवटी त्यांनी त्याचं नाव वरच्या ओळीत नेलं, दोन जावयांच्या नावांच्या मध्ये, स्वल्पविराम देऊन. बाकी काही लिहिलं नाही. मी स्वल्पविराम तपासला.

तिकडच्या बऱ्याच अंत्यविधींत मृत माणसाची हकिकत आणि ती यादी मोठ्याने वाचत नाहीत. पुस्तिकेत तशी सूचनाच छापलेली असते: मनातल्या मनात वाचावे. त्या वेळी फक्त ऑर्गन वाजतो. त्या शनिवारी चर्च भरलं होतं, पास्टर खाली बघून वाचत होते, चर्चची आई डोळ्यांजवळ कागद धरून वाचत होती. बसवाला या वेळी दुसऱ्या रांगेत होता. ऑर्गनवर तोच गायकवृंदाचा माणूस होता, आता केस पांढरे झालेला. तीनएकशे माणसांनी एकदमच पान उलटलं, त्याचा आवाज आला. मग ऑर्गन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाजत राहिला.